द आयरिशमन : साडेतीन तास कुणाला झेपले?

साडेआठची_बस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही एक भांडण डोक्यात बसलंय म्हणून.

परवा कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, उगाच डोक्यावर चढवून ठेवलेला गँगस्टरपट कोणता? मी 'द आयरिशमन' लिहिलं आणि अंघोळीला गेलो. परत येतो तर बेचाळीस मेसेज. एकाने माझी अक्कल काढली, दुसरा माझ्या रील बघण्याच्या सवयीवर घसरला, आणि बारावीला ज्याने इंग्रजीचा अख्खा पेपर माझं बघून लिहिला, तो मला 'सिनेमाची भाषा' शिकवायला लागला.

म्हणून इथे विचारतो. मार्टिन स्कोर्सेसीचा सिनेमा, साल २०१९, लांबी २०९ मिनिटं. रॉबर्ट डी निरो, अल पचिनो आणि निवृत्ती मोडून आलेला जो पेशी. समीक्षकांनी आरत्या ओवाळल्या. ऑस्करची दहा नामांकनं मिळाली आणि एकही बाहुली हाताला लागली नाही (हे ग्रुपवर मी दोनदा सांगितलं). मी तो चार रात्रींत संपवला. पहिल्या रात्री घोरलो, दुसऱ्या रात्री कोण कुणाचा माणूस आहे ते कळेना म्हणून वीस मिनिटं मागे गेलो, तिसऱ्या रात्री हॉफाचं (म्हणजे पचिनो, युनियनचा पुढारी) भाषण, आइस्क्रीम, भाषण, आइस्क्रीम. चौथ्या रात्री मात्र शेवटपर्यंत जागा होतो, हे कबूल करतो.

माझं म्हणणं साधं आहे. ही गोष्ट दोन तासांत बसते. एक ट्रक ड्रायव्हर माफियाच्या मर्जीत येतो, त्यांच्यासाठी माणसं मारतो, युनियनच्या मोठ्या नेत्याचा उजवा हात होतो आणि एक दिवस त्याच नेत्याला मारायचं काम त्याच्याकडे येतं. एवढं कडक बीज हातात असताना मध्ये इतका रवंथ कशाला? ज्यांना आवडला त्यांनी 'तुला कळला नाही' सोडून बाकी काहीही लिहावं.

ता.क. वडील पहिला अर्धा तास शेजारी बसून बघत होते. ते एसटीत ड्रायव्हर होते, इंग्रजीशी संबंध नाही. डी निरोचा ट्रक पंपावर बंद पडतो, पेशी येऊन इंजिनात डोकं घालतो, तेवढा सीन बघून म्हणाले, "या म्हाताऱ्याला गाडी कळते. दुसऱ्याला नुसती चालवता येते." आणि झोपायला गेले.

टिनपाट

+१. मला वाटलं मी एकटाच.

जांभूळ_आख्यान_नाही

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत भांडायला येतो.

तिसरी_घंटा

बससाहेब, 'कळला नाही' म्हणत नाही. चुकीच्या पद्धतीने खाल्लात म्हणतो. पुरणपोळी चार दिवस पुरवून खाल्ली तर चौथ्या दिवशी ती कडकच लागणार.

लांबीचं कौतुक आपल्याला कुणी सांगावं? आपल्याकडे संगीत नाटकं रात्री सुरू व्हायची आणि वन्समोअर घेत घेत पहाटे संपायची. हिंदी सिनेमा तीन तासांचा असणं हे कित्येक वर्षं साधं गणित होतं. आपल्याला लांबीचं वावडं नाही, मध्यंतराची सवय आहे. मध्यंतर म्हणजे वडा नव्हे. मध्यंतर म्हणजे लेखकाने आपल्याला दिलेला शब्द, की इथपर्यंत एक चढ चढवीन आणि इथून दुसरा. हा सिनेमा असा शब्द देतच नाही. तो म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यासारखा चालतो. वृद्धाश्रमात व्हीलचेअरवर बसलेला फ्रँक शीरन (डी निरो) बोलतोय, त्याच्या बोलण्यातून १९७५चा मोटारप्रवास निघतो आणि त्या प्रवासातून पन्नासचं दशक. आजोबा सांगायला लागले की 'थांब, त्याआधी एक सांगायचं राहिलं' म्हणतात, तसं.

आता एक बारीक गोष्ट. सुरुवातीला फ्रँक आणि माफियाचा म्होरक्या रसेल बफलिनो (पेशी) हॉटेलात बसून पाव वाइनमध्ये बुडवून खातात. दोघांचीही ताकद तेव्हा चढती. पुढे कितीतरी वेळाने हेच दोघे तुरुंगात, पाव तोच, बुडवायला द्राक्षाचा रस, आणि रसेलला पाव चावता येत नाही कारण दातच उरले नाहीत. मधले तास काढून टाका आणि हे दोन सीन पाठोपाठ लावा. नुसती टाळीची जागा होईल. इथे आपण पहिला पाव विसरून गेलेलो असतो, मग दुसरा येतो. विसरण्याइतका वेळ जावा लागतो, त्याचे पैसे तुम्ही साडेतीन तासांत भरता.

टिनपाट

घंटा, लिहिलंयत छान. पण विसरण्यासाठी वेळ लागतो म्हणून प्रेक्षकाला कंटाळा आणायचा, हे म्हणजे भूक लागावी म्हणून पाहुण्याला तीनपर्यंत ताटकळत ठेवणं.

आणि मला कुणीतरी तो किराणा दुकानाबाहेरचा सीन समजावून सांगा. दुकानदाराने पोरीला ढकललं म्हणून डी निरो त्याला बाहेर ओढून लाथा घालतो. चेहरा चाळिशीचा, आणि लाथ? आमच्या सोसायटीतले काका कुत्र्याला हाकलताना पाय उचलतात तशी. मी हसलो. त्या सीनला हसू येता कामा नये ना? लहान पोरगी बाप काय करतोय ते बघत उभी आहे, सिनेमाचा कणा आहे तो सीन. आणि माझं लक्ष म्हाताऱ्याच्या गुडघ्याकडे.

पिक्सेल_पांडू

याच धंद्यात आहे म्हणून थोडं लिहितो. टेक्निकल वाटलं तर पुढे सरका.

म्हाताऱ्या नटाला संगणकावर तरुण करायचं असलं की नेहमी त्याच्या चेहऱ्यावर ठिपके काढतात किंवा डोक्याला कॅमेरा बांधतात. डी निरो मंडळींना ते नको होतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून काम करायचं होतं. म्हणून इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीतल्या लोकांनी तीन कॅमेऱ्यांचं एक धूड बनवलं. मधला मुख्य कॅमेरा, दोन्ही बाजूंना एकेक, आणि बाजूचे दोघे इन्फ्रारेडमध्ये चेहऱ्याची ठेवण टिपत राहणार. त्यावरून संगणकात तरुण चेहरा चढवला. खर्च पंधरा कोटी डॉलरच्या वर गेला, आधीच्या स्टुडिओने हात वर केले आणि नेटफ्लिक्स आत आलं ते यामुळेच.

चेहऱ्याचं काम वाईट नाही. निळे डोळे पहिली दहा मिनिटं खुपतात, मग सवय होते. पण शरीर त्यांचंच ठेवलं. उभं कसं राहायचं, खुर्चीतून उठायचं कसं, हे आठवण करून द्यायला सेटवर माणूस होता म्हणे. शेवटी पंचाहत्तरीतली पाठ ती पंचाहत्तरीतलीच. टिनपाट यांना अनुमोदन. तो एक सीन दुसऱ्या, तरुण माणसाच्या अंगावर चेहरा चढवून करायला हवा होता. नाहीतर कॅमेरा सरळ मुलीवर ठेवून नुसते आवाज ऐकवायचे.

तिसरी_घंटा

शेवटची सूचना मान्य. तो सीन हुकलाय, हे मी सुद्धा नाकारत नाही.

टिनपाट

वाचनखूण साठवली. घंटा पहिल्यांदा काहीतरी कबूल करतायत.

ओली_भेळ

मुलीचा विषय निघालाच आहे तर. मला सिनेमा आवडला, पण पुरुषांना आवडतो त्या कारणासाठी नाही.

पेगी मोठी झाल्यावर ते काम ॲना पॅक्विन करते, लहानपणीच ऑस्कर मिळवलेली नटी. तिला अख्ख्या सिनेमात जेमतेम सहा-सात शब्द आहेत. तेव्हा यावरून बाहेर बराच धुरळा उडाला होता, एवढ्या चांगल्या नटीला गप्प बसवलं म्हणून. मला उलट वाटलं. आमच्या घरात एक काका होते, त्यांच्याविषयी कुणी काही बोलायचं नाही. ते जेवायला आले की आई पानं वाढायची, आजी पाट मांडायची आणि मोठी ताई उठून गच्चीत जायची. कधी भांडली नाही, उलट बोलली नाही. फक्त उठून जायची. काकांना ते सगळ्यात जास्त लागायचं.

हॉफा गायब झाल्यावर टीव्हीवर बातमी चालू आहे, घरातले सगळे बसलेत, आणि पेगी बापाला विचारते, जोला (हॉफाच्या बायकोला) फोन का नाही केला अजून. दोनदा. बस. त्यानंतर ती आयुष्यात बापाशी बोलत नाही. शेवटी तो म्हातारा कुबड्यांवर ती काम करते त्या बँकेत जाऊन रांगेत उभा राहतो, ती त्याला बघते, खिडकी बंद करून निघून जाते. यावर अजून काय संवाद हवेत?

नर्मदेचा_गोटा

भेळताई, तुमची ताई गच्चीत जायची हे तुम्हाला माहीत आहे कारण तुम्ही त्या घरात राहिलात. सिनेमात पेगीची गच्ची कुठे आहे? ती शाळेत काय करते, कुणावर प्रेम करते, बँकेत कशी लागली, काही नाही. ती फक्त दारात उभी राहून बापाकडे रोखून बघते, म्हणजे आपल्याला कळावं की बाप वाईट. माणूस नव्हे, टाचणी आहे ती. बाकीच्या बायका? मोटारीत मागे बसून दर तासाला सिगरेटीसाठी गाडी थांबवायला लावतात. साडेतीन तासांत तेवढाच त्यांचा पार्ट. वेळ नव्हता असं तर म्हणता येणार नाही!

ओली_भेळ

गोष्ट तिचा बाप सांगतोय हो. त्याला तिच्या शाळेत काय चाललंय हे माहीत असतं तर तो तो बाप झाला असता का?

नर्मदेचा_गोटा

हे उत्तर फार सोयीचं आहे. मग कुठल्याही लेखकाने बाईचं पात्र अर्धवट लिहावं आणि म्हणावं, निवेदक पुरुष आहे.

ओली_भेळ

कुठल्याही लेखकाने लिहिलं की इथे धागा काढा, मी तुमच्या बाजूने येते. इथे नाही.

जांभूळ_आख्यान_नाही

पॉपकॉर्न आणलेत. ज्यांना हवेत त्यांनी हात वर करा.

परदेशी_पाटील

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, त्यामुळे इथे दोन पैसे टाकण्याचा माझा हक्क आहे.

जिमी हॉफा शेवटचा दिसला ते रेस्टॉरंट टेलिग्राफ रोडवर, ब्लूमफिल्ड टाउनशिपमध्ये. तारीख ३० जुलै १९७५. त्या रस्त्याने मी आठवड्यातून दोनदा जातो. तिथे आता वेगळ्या नावाचं रेस्टॉरंट आहे आणि बाहेर कसलीही पाटी नाही. प्रेत आजतागायत मिळालं नाही. १९८२ मध्ये कायद्याने मृत ठरवलं. पण पोलीस अधूनमधून खणत असतात. २००६ मध्ये मिलफर्डजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर खणलं, त्यासाठी आख्खं कोठार पाडलं. २०१३ मध्ये ओकलंड टाउनशिपमध्ये एक शेत खणलं. इथे कुणाची चावी हरवली तरी म्हणतात, हॉफाच्या शेजारी बघ.

पण ही मस्करी पन्नाशीच्या पुढचे लोक करतात. ऑफिसात पंचविशीतल्या पोराला विचारलं तर त्याला हॉफा म्हणजे काहीतरी खाण्याचा पदार्थ वाटला. आणि हा माणूस १९५७ ते १९७१ टीमस्टर्स या ट्रक ड्रायव्हरांच्या युनियनचा अध्यक्ष होता, देशातले ट्रक त्याच्या शब्दावर थांबायचे. सिनेमात फ्रँक सुरुवातीला म्हणतोच, पन्नासच्या दशकात हा एल्व्हिसएवढा मोठा होता, साठच्या दशकात बीटल्सएवढा. शेवटी वृद्धाश्रमातली नर्स रक्तदाब तपासताना फोटो बघते आणि विचारते, हे कोण? हॉफा सांगितल्यावरही तिच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. माझ्या ऑफिसातलं ते पोरगं त्या दिवशी असंच दिसत होतं.

खडूस_कारकून

सगळे रडून झाले असतील तर थोडं खुसपट काढतो.

हे सगळं घडलं याला पुरावा काय? चार्ल्स ब्रँट नावाच्या वकिलाने फ्रँक शीरनच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये पुस्तक काढलं, तोवर शीरन वारलेला (डिसेंबर २००३). पुस्तकात तो सांगतो, हॉफाला मी मारलं आणि न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत जो गॅलो या गँगस्टरलाही मीच मारलं, एप्रिल १९७२ मध्ये. या दाव्यांवर माफियाचा अभ्यास करणाऱ्या बऱ्याच लोकांचा विश्वास नाही. डेट्रॉइटमधल्या ज्या घरात खून केला म्हणतो, तिथल्या लाकडी जमिनीवर रक्त सापडलं, तपासलं, ते हॉफाचं निघालं नाही. थोडक्यात, एका थापाड्या म्हाताऱ्याच्या गप्पांवर साडेतीन तास आणि पंधरा कोटी डॉलर.

तिसरी_घंटा

कारकूनसाहेब, खरं-खोटं हा कोर्टाचा प्रश्न. मला तर तो थापा मारत असेल तर सिनेमा आणखी भयानक वाटतो. सगळे मेलेत, पोलीस येऊन सांगतात की आता कुणाला वाचवतोयस, बोल. तो बोलत नाही. आणि समोर कुणी नसताना आपल्याला सांगतो, सगळ्यात जिवलग मित्राला मी मारलं. असली बढाई कोण मारेल?

खडूस_कारकून

पुस्तकाचे पैसे मिळणार असतील तर पुष्कळ लोक मारतील.

चाळीतला_जिना

वर हॉफाला कुणी ओळखत नाही हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. अवांतर आहे, माफी असावी.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. आमच्या खोलीत 'डॉक्टर' म्हणजे एकच, डॉ. दत्ता सामंत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. वडिलांनी डॉक्टरांचा फोटो गणपतीच्या बाजूला लावला होता, तो संप फसल्यावरही काढला नाही. १६ जानेवारी १९९७ ला डॉक्टरांचा पवईत खून झाला, त्या दिवशी वडील जेवले नाहीत. मागच्या वर्षी मुलाला लालबागमधल्या एका टॉवरसमोर उभं करून सांगितलं, इथे आजोबांची गिरणी होती. तो म्हणाला, वरचे फ्लॅट केवढ्याला आहेत?

पचिनो व्यासपीठावरून ट्रक ड्रायव्हरांपुढे बोलतो ते सीन बससाहेबांना लांबले. मी ते मागे नेऊन परत बघितले. समोर बसलेल्यांचे चेहरे बघा, बोलणाऱ्याचा नको.

नर्मदेचा_गोटा

जिनाभाऊ, भावना समजल्या, पण तुलना चुकतेय. हॉफाच्या युनियनने कामगारांच्या पेन्शन फंडातले पैसे माफियाच्या लास व्हेगासमधल्या कॅसिनोंना कर्जाऊ दिले. तो स्वतः ज्युरी फोडल्याबद्दल आणि फसवणुकीबद्दल तुरुंगात गेला, निक्सनने शिक्षा कमी केली म्हणून १९७१ मध्ये सुटला. डॉक्टरांना या रांगेत बसवू नका.

चाळीतला_जिना

नाही बसवत. दोन माणसांची तुलनाच नव्हती. त्यांचे फोटो लावणाऱ्यांची होती.

नर्मदेचा_गोटा

मग शब्द मागे घेतो.

संपादक

वैयक्तिक शेरे असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. सुपरहिरोंचे सिनेमे सिनेमा आहेत की नाही, या विषयाला वेगळा धागा आहे. स्कोर्सेसी यांनी २०१९ मध्ये काय म्हटलं ते तिथे सहाशे प्रतिसादांत चघळून झालं आहे. कृपया इथे नको.

मावळतीचे_ऊन

मी नाशिकमध्ये एका वृद्धाश्रमात काम करते. सिनेमांतलं मला फारसं कळत नाही, हाही मुलाने लावून दिला म्हणून पाहिला. बंदुका चालू होत्या तेव्हा मी मेथी निवडत होते. शेवटी मेथी बाजूला ठेवली.

तो शवपेटी विकत घ्यायला जातो ना, कपडे बघावेत तशी. रंग बघतो, भाव विचारतो. हे आमच्याकडे रोज दिसतं. एक आजोबा आहेत, त्यांनी स्वतःच्या तेराव्याचा मेन्यू लिहून ठेवलाय, जिलबी नको, श्रीखंड हवं. लोकांना वाटतं हे विनोदी आहे किंवा भयंकर आहे. दोन्ही नाही. त्या वयात ठरवण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं, म्हणून ते हौसेने ठरवतात.

आणि ते दार. फादर निघतात तेव्हा तो म्हणतो, पूर्ण लावू नका, थोडं उघडं राहू द्या. आमच्याकडे रात्रपाळीला हे वाक्य मी दिवसाआड ऐकते. कुणी म्हणतं हवा लागत नाही, कुणी म्हणतं कडीचा आवाज होतो. कारण कुणी खरं सांगत नाही आणि मीही विचारत नाही. एक फूट ठेवते, दाराखाली चपला सरकवून, नाहीतर वाऱ्याने आपटतं. सिनेमातल्या फादरने नुसतं तसंच सोडलं. ते दार राहणार नाही, लागणार, असं मला वाटत राहिलं.

तिसरी_घंटा

ताई, दंडवत. फक्त एक जोडतो. हॉफासोबत हॉटेलातली पहिली रात्र आठवून बघा. हॉफाही आपल्या खोलीचं दार असंच किलकिलं ठेवून झोपतो. बाहेर फ्रँक आहे म्हणून.

मावळतीचे_ऊन

अगंबाई. तेव्हा मी मेथी निवडत होते.

टिनपाट

धाग्याने भलतंच वळण घेतलं. मी अजूनही कंटाळवाणा म्हणतो, फक्त आता हळू आवाजात.

एक विचारायचं राहिलं. तो प्रत्येक गुंडाच्या नावाखाली त्याचं मरण लिहून दाखवतो, ते कुणाला आवडलं? माणूस पहिल्यांदा पडद्यावर येतो, हात मिळवतो, आणि खाली लिहून येतं, अमुक साली गाडीत डोक्यात गोळी. फिल टेस्टाच्या खाली पोर्चमध्ये खिळ्यांचा बॉम्ब, १९८१.

पिक्सेल_पांडू

मला तेच सगळ्यात आवडलं. आणि सगळ्या गोळ्या-बॉम्बांच्या मध्ये टोनी जॅक. त्याच्याखाली येतं, सगळ्यांचा आवडता होता, नैसर्गिक मृत्यू, २००१. मी मोठ्याने हसलो.

साडेआठची_बस

धागाकर्ता हजर. मध्ये दोन दिवस लोकल नेटवर्कने मौन पाळलं होतं.

वरचं सगळं वाचून रविवारी परत लावला. सगळा नाही. १९७५च्या मोटारप्रवासाचा शेवट सुरू होतो तिथून, एका बैठकीत. वडील पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला. सबटायटल इंग्रजी, त्यामुळे मी मध्येमध्ये सांगत होतो, पण थोड्या वेळाने त्यांनीच हाताने गप्प केलं.

सकाळचा नाश्ता. पेशी डी निरोला वाटीत सीरियल वाढतो आणि सांगतो की तुला जावं लागेल. आवाज चढलेला नाही, धमकी नाही. मग दोघं मोटारीने छोट्या विमानतळावर, पेशी गाडीतच थांबून राहतो आणि डी निरो एकटा विमानात. वडील म्हणाले, "ड्युटी लागली." मी विचारलं कसली? म्हणाले, "बघ ना, त्याला नको आहे. पण चार्ट लागलाय."

ज्यांच्या घरी एसटी नव्हती त्यांच्यासाठी सांगतो. चार्ट लागला की लागला. घरी तेरावं असो नाहीतर पोराची मुंज, कंट्रोलरला सांगून बदली मिळाली तर मिळाली. वडिलांनी चौतीस वर्षांत किती वेळा नाही म्हटलं असेल? त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकदाही नाही, आणि हे ते इतकी वर्षं अभिमानाने सांगत आलेत. रविवारी त्यांनी ते सांगितलं नाही. नुसते बघत बसले.

त्यानंतरचा सगळा पट्टा, विमान, गाडी, तो मागच्या सीटवरचा ओला डाग, घर, दार, गोळी. एवढ्या वेळात संगीत वाजल्याचं मला आठवत नाही. पहिल्या वेळी मला हे संथ वाटलं होतं. वडिलांच्या शेजारी बसून बघताना वाटलं की माणूस कामावर चाललाय आणि काम मैत्रीपेक्षा मोठं आहे हे त्याला कुणी पटवूनही दिलेलं नाही. त्याने विचारलंच नाही.

मग तो फोन. हॉफाच्या बायकोला धीर द्यायला फोन करतो आणि शब्द अडकतात. वडिलांना एक शब्द कळला नसणार. म्हणाले, "खोटं बोलतोय." मग थोड्या वेळाने, "मालकाच्या बायकोला फोन करतोय का?" मी हो म्हटलं. ते उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. शेवट बघून काहीही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र भाजी आणायला जाताना विचारलं, "त्या पोरीने शेवटी बोलायला पाहिजे होतं का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भेळताई आणि गोटेसाहेबांनी आपापसात ठरवून कळवावं.

पण मंडळी, माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पहिले दोन तास मला अजूनही जड जातात, तरुण डी निरो मला अजूनही मेणाचा वाटतो, आणि हॉफा व युनियनमधला त्याचा वैरी टोनी प्रो यांची कुणी किती मिनिटं उशीर केला यावरची ती बाचाबाची, दहा की साडेबारा की पंधरा, ती अर्धी केली असती तरी चाललं असतं. ग्रुपवर 'ओव्हररेटेड' मागे घेणार नाही. त्या बारावीवाल्याला तेवढा आनंद द्यायचा नाही.

तिसरी_घंटा

उशिरावरची बाचाबाची काढायची? अहो, जगातली सगळी मोठी भांडणं त्याच सीनसारखी सुरू होतात! त्यात तो टोनी मीटिंगला हाफ पँट घालून आलेला. आमच्या नाट्यमंडळात दोन गट याहून क्षुल्लक कारणावरून पडलेत, पडद्याची दोरी कुणी ओढायची यावरून.

नर्मदेचा_गोटा

वडिलांच्या प्रश्नावर: बोलायला पाहिजे होतं. एकदा तरी.

ओली_भेळ

नको होतं. काकांचा शेवटचा आजार होता तेव्हा ताई भेटायला गेली नाही. आम्ही सगळ्यांनी तिला खूप ऐकवलं. मी पण.

खाडीकिनारी

अख्खा धागा वाचला. सगळ्यांनी दार, पाव, नर्स, शवपेटी सगळ्यावर लिहिलं, आणि माशावर फक्त 'ओला डाग'?

हॉफाला घ्यायला जाताना गाडीची मागची सीट ओली का, तर गाडी चालवणाऱ्या चकीने त्याच सीटवरून मासा नेऊन कुणालातरी पोचवला. शेजारचा विचारतो, कुठला मासा? याला माहीत नाही. माहीत नाही! पिशवीत घातला, गाडीत ठेवला, पोचवला, आणि नाव माहीत नाही. वर तो दुसरा सांगतो की गाडीत मासा ठेवू नये, वास जात नाही. मी मालवणचा. त्या चार माणसांपैकी एक दहा मिनिटांत मरणार आहे हे मला माहीत होतं, छातीत धडधडत होतं, आणि तरी मनात एकच. अरे मेल्या, निदान खवलं होती का ते तरी सांग.

टिनपाट

ताजा होता तर पाणी एवढं सुटलं नसतं. बर्फातला असणार.

खाडीकिनारी

बरोब्बर. तळ्यातला असावा. तिकडे डेट्रॉइटला समुद्र नाही. पाटील, काय मिळतं हो तुमच्याकडे?

परदेशी_पाटील

वॉलआय नावाचा मिळतो, इथल्या सरोवरांतला. चव बरी आहे. काटा कमी. शनिवारी आणतो आणि गाडीत ठेवून बघतो, कळवतो.